लेखी चर्चेतून इंग्रजीचा सराव

इंग्रजी शिकणाऱ्याने अनोळखी लोकांशी इंग्रजीतूनच लेखी चर्चा करायची आणि त्यांची उत्तरे, प्रतिप्रश्न व दुरुस्त्या वाचत आपली भाषा सुधारायची, अशी ही पद्धत आहे. इंटरनेटवरील चर्चामंचांमुळे ती रुळली. चर्चेचा विषय इंग्रजी भाषाच हवा असे नाही. क्रिकेट, स्वयंपाक, प्रोग्रॅमिंग, घरच्या कुत्र्याचे आजारपण, काहीही चालते. शाळेतल्या निबंधाला वाचक एकच असतो आणि तोही गुण देण्यापुरता. येथे वाचणाऱ्याला मजकुराशी काम असते. वाक्य कळले नाही तर तो ‘म्हणजे काय?’ असे सरळ विचारतो, आणि लिहिणाऱ्याला तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगावी लागते. या पद्धतीचा सगळा जीव या दुसऱ्यांदा सांगण्यात आहे.

समोरासमोर बोलताना विचार करायला सवड नसते. पत्र लिहिले तर उत्तराची वाट बघण्यात दिवस जातात. लेखी चर्चा या दोहोंच्या मधली आहे. पाच मिनिटे थांबून, शब्दकोश उघडून, वाक्य खोडून पुन्हा लिहिता येते आणि उत्तरही त्याच दिवशी मिळू शकते. मराठी मुलखात याला आणखी एक बाजू आहे. चारचौघांत कोणी इंग्रजी बोलू लागला की ‘बघा, साहेब इंग्रजी फाडतायत’ म्हणून चेष्टा होते. टोपणनावाने लिहिणाऱ्याला ती धास्ती नसते.

भाषा कानावर आणि डोळ्यांवर पडत राहिली की आपोआप येते, हे मत १९८०च्या दशकात भाषाशिक्षणाचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांच्यामुळे जोरात होते. याच विषयाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ साली त्याला मुरड घातली. कॅनडात इंग्रजीभाषक घरांतली मुले फ्रेंच माध्यमात शिकत. अनेक वर्षांनी त्यांना फ्रेंच उत्तम समजे, पण बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाच्या चुका राहत. स्वेन यांचे म्हणणे असे, की समजून घेताना माणूस संदर्भावर निभावून नेतो, पण स्वतः वाक्य रचायची वेळ आली की आपल्याला काय येत नाही ते उघडे पडते. भाषाशास्त्रज्ञ रिचर्ड श्मिट यांनी ब्राझीलमध्ये पोर्तुगीज शिकताना स्वतःची रोजनिशी ठेवली होती. कानावर पडलेली रूपे आपल्या ध्यानात आली, त्यानंतरच ती आपल्या बोलण्यात उतरली, असे त्यांना आढळले. लेखी चर्चेत या दोन्ही गोष्टी घडतात. आपले वाक्य आणि दुसऱ्याने केलेली दुरुस्ती एकाखाली एक राहतात आणि महिन्याभराने पुन्हा वाचता येतात. बोललेली चूक मात्र हवेत विरून जाते.

ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी १९७९ मध्ये यूजनेट या संगणकांवरील चर्चाजाळ्याची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी ते चालू झाले. त्यावरील विषयवार गटांत पुढे इंग्रजीच्या वापरावर वाद घालणारा गटही आला. वर्डरेफरन्स हे मायकल केलॉग यांनी १९९९ मध्ये सुरू केलेले शब्दकोशाचे संकेतस्थळ. त्याच्या चर्चाविभागात आजही एकेका शब्दप्रयोगावर पानेच्या पाने भरलेली आढळतात. स्टॅक एक्स्चेंज या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर २०१० मध्ये इंग्रजीसाठी विभाग निघाला, पण तो भाषाप्रेमी पंडितांचा. शिकणाऱ्यांचे साधे प्रश्न तेथे फार प्राथमिक म्हणून बंद केले जात. म्हणून २०१३ मध्ये शिकणाऱ्यांसाठी वेगळा विभाग काढावा लागला. जपानमधील लँग-एट या संकेतस्थळाची रीत निराळी होती. तेथे आपण परभाषेत रोजनिशी लिहायची, ती भाषा ज्यांची मातृभाषा आहे त्यांनी ती सुधारायची, आणि बदल्यात आपण आपल्या भाषेत लिहिणाऱ्यांचे लेखन तपासायचे. एका अर्थाने ही सावड झाली.

मराठी भाषकांचे इंग्रजी फार काळ भाषांतराच्या वाटेने आले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला गिरवून पिढ्या शिकल्या. मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असे, ते २००० साली पहिलीपासून सुरू झाले. भाषांतराने व्याकरण पक्के होते, यात शंका नाही. पण वाक्य आधी मराठीत जुळते आणि मग इंग्रजीत उतरते, ही सवयही त्यातूनच जडते. लेखी चर्चेत मराठी माणसाच्या ज्या चुका परक्यांच्या नजरेत भरतात, त्यांतल्या बऱ्याच या सवयीच्या आहेत.

‘मी दहा वर्षांपासून इथे राहतो’ याचे ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ होते. मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’ या दोन्हींना एकच ‘पासून’ पुरतो. इंग्रजीत आरंभबिंदूला ‘सिन्स’, कालावधीला ‘फॉर’, आणि क्रियापदही ‘हॅव बीन लिव्हिंग’. एका वाक्यात दोन खड्डे. ‘काल पुण्याला गेलो होतो’ हे आपले अगदी साधे वाक्य, जाऊन परत आल्याचे सांगणारे. त्याचे ‘आय हॅड गॉन टू पुणे येस्टरडे’ केले की इंग्रज वाचक पुढच्या घटनेची वाट पाहत बसतो, कारण त्याच्या भाषेत ‘हॅड गॉन’ हे दुसऱ्या कुठल्या तरी घटनेच्या आधीचे असते. ‘मी पुण्याचाच’ यातला ‘च’ तर ‘ओन्ली’ होऊन वाक्याच्या शेपटाला लटकतो. ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांना मराठीत जोडच नाही, म्हणून ती गाळली जातात किंवा भीतीपोटी नको तिथे घातली जातात.

यांत सर्वांत मजेशीर शब्द ‘डाउट’. तास संपताना सर विचारतात, ‘काही शंका?’ येथे शंका म्हणजे न कळलेला प्रश्न. म्हणून आपण सहज लिहितो, ‘आय हॅव अ डाउट.’ ब्रिटिश किंवा अमेरिकन वाचकाला मात्र वाटते, की या माणसाचा माझ्या उत्तरावर विश्वास नाही. अशा वेळी चर्चेत थोडा तणाव येतो, मग कोणीतरी भारतीयच येऊन खुलासा करतो. हा शब्द त्या अर्थाने हिंदी, तमिळ भाषकही वापरतात, त्यामुळे दोष एकट्या मराठीचा नाही.

पण हा दोष म्हणायचा का? भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी इंग्रजीच्या जगाची तीन वर्तुळांत मांडणी केली आणि भारतातील इंग्रजीला स्वतःचे रूप असल्याचे सांगितले. ‘प्रीपोन’, म्हणजे ठरल्या वेळेच्या आधी घेणे, हा भारतात चालणारा शब्द ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे. पुण्याच्या कचेरीत बैठक ‘प्रीपोन’ झाल्याचे सगळ्यांना कळते, पण चर्चेतला एखादा इंग्रज तो शब्दच नाही म्हणून मोकळा होतो. तेव्हा दुरुस्ती कोणत्या गावच्या इंग्रजीची आहे, हे पाहून घ्यावे.

ज्याची मातृभाषा इंग्रजी, त्याचे स्पष्टीकरण बरोबरच असते असेही नाही. चूक त्याला लगेच खटकते, पण का खटकते ते सांगता येत नाही. ‘मी आंबा खाल्ला’ पण ‘मी भाकरी खाल्ली’ असे का, हे कुणा मराठी माणसाला विचारून पाहा. ‘असंच म्हणतात’ एवढेच उत्तर येईल. इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकलेला पोलिश किंवा ब्राझिलियन माणूस कारण जास्त नेमके सांगू शकतो, कारण तो त्याच खड्ड्यातून वर आलेला असतो.

शिष्टाचाराचा भागही आहे. शिकणाऱ्यांच्या विभागात दुरुस्ती हवीच असते, पण इतर विषयांच्या चर्चेत कोणाची भाषा सुधारणे उद्धटपणाचे समजले जाते. मराठी संकेतस्थळांवर शुद्धलेखन दाखवण्यावरून झालेली भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे सांगायला नको. म्हणून काहीजण मजकुराच्या शेवटी ‘चुका दाखवल्यास आभारी होईन’ अशी ओळ जोडतात. ओळ नसेल तर लोक अर्थ लावून घेतात आणि चूक तशीच मुरते.

उच्चारांना या सरावाचा उपयोग नाही. इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासाठी मराठीने ‘व्ह’ घेतला आणि व्हॅन, व्हिडिओ म्हणताना त्यातला हकार अनेकांच्या तोंडी राहतो. लेखी चर्चेत तो कोणालाच ऐकू जात नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यावर चित्र पालटू लागले. यंत्राने लिहिलेल्या उत्तरांवर स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने डिसेंबरातच बंदी घातली. शिकणाऱ्याला यंत्र दुरुस्ती करून देते, कारणही सांगते, न कंटाळता. पण सगळा मजकूर मराठीत लिहून इंग्रजी यंत्राकडूनच करून घेतले, तर ‘सिन्स टेन इयर्स’ मजकुरात उमटतच नाही, आणि ते खोडून ‘फॉर’ लिहायलाही कोणी येत नाही.