मॅजिक इम्युनिटी (रोलप्लेइंग खेळ)

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांत (टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेत, फासे टाकत खेळायच्या खेळांत) एखाद्या जीवावर जादू चालत नाही असे सांगणारा नियम. छापील मजकूर बहुधा एक-दोन ओळींचाच असतो. हुज्जत मात्र सत्रभर पुरते. जादू ‘चालत नाही’ म्हणजे नेमके काय घडत नाही आणि मंत्राची जादू कुठे संपते, या दोन प्रश्नांवर सगळा खल होतो. हिरण्यकशिपूच्या वराची कथा ठाऊक असलेल्यांना ही शब्दांची कसरत नवी वाटणार नाही.

इम्युनिटी (जादूपासून पूर्ण अभय) आणि रेझिस्टन्स (जादूला होणारा प्रतिकार) यांची गल्लत नेहमी होते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या खेळाच्या ‘अॅडव्हान्स्ड’ आवृत्त्यांत मॅजिक रेझिस्टन्स टक्केवारीत दिलेला असे. तिसऱ्या आवृत्तीत (२०००) मंत्र टाकणाऱ्याला वीस बाजूंचा फासा टाकून, त्यात आपली पातळी मिळवून ठरावीक आकडा गाठावा लागे. पाचव्या आवृत्तीत (२०१४) त्याचा अर्थ एवढाच उरला की जादूविरुद्धच्या सेव्हिंग थ्रोला (परिणाम टाळण्यासाठी लक्ष्य झालेल्याने टाकायच्या फाशाला) दोन फासे टाकायचे आणि मोठा आकडा धरायचा. त्यामुळे ज्यात सेव्हिंग थ्रोच नाही, त्या ‘मॅजिक मिसाइल’ या मंत्रापुढे हा रेझिस्टन्स निरुपयोगी ठरतो.

गोलेमची (जादूने जिवंत केलेल्या पुतळ्याची) इम्युनिटी हे शब्दशः वाचनाचे ठळक उदाहरण. ३.५ आवृत्तीत (२००३) ती फक्त स्पेल रेझिस्टन्स (मॅजिक रेझिस्टन्सचे त्या आवृत्तीतले नाव) लागू होणाऱ्या मंत्रांपुरती होती. म्हणून ‘फायरबॉल’ या आगीच्या मंत्राने गोलेमला इजा होत नसे, पण ‘अॅसिड अॅरो’ हा आम्लाच्या बाणाचा मंत्र त्याला बिनदिक्कत लागे, कारण त्या मंत्राच्या वर्णनात रेझिस्टन्स लागू नसल्याचे लिहिले होते. लोखंडी गोलेमला तर आग लाभदायकच: झाली असती त्या इजेच्या दर तीन गुणांमागे एक गुण भरून निघे. नियम चमत्कारिक वाटला तरी संदिग्ध नव्हता.

खरी अडचण २०१४ च्या ‘राक्षस’ या जीवाची. त्याचे नाव भारतीय पुराणांतले असले तरी व्याघ्रमुख आणि उलटे तळहात हे या खेळातले त्याचे रूप. सहाव्या किंवा खालच्या पातळीच्या मंत्राचा त्याच्यावर त्याच्या इच्छेविना परिणाम होत नाही आणि अशा मंत्राने त्याचा ठावही लागत नाही, असा नियम होता. मग पाचव्या पातळीच्या ‘वॉल ऑफ फोर्स’ या मंत्राने उभी केलेली अदृश्य भिंत त्याला अडवते का? अडवणे हा परिणामच, असे एक पक्ष म्हणतो. भिंत नुसती उभी आहे, असे दुसरा. त्याच पातळीच्या ‘वॉल ऑफ स्टोन’ मंत्राची दगडी भिंत मंत्र टाकणाऱ्याने दहा मिनिटे एकाग्रता टिकवली की कायमची होते आणि मग ती डिस्पेलही करता येत नाही (दुसऱ्या जादूने मोडता येत नाही). पहिल्या पक्षाचे ऐकले तर राक्षस नवव्या मिनिटाला तिच्यातून आरपार जाईल आणि अकराव्या मिनिटाला तिच्यावर डोके आपटेल.

अप्रत्यक्ष परिणामांबाबत तुलनेने एकमत आहे. मंत्राने छत खिळखिळे केले आणि ते कोसळले, तर खाली येणारा दगड साधाच असतो. त्याची इजा होते. ‘हेस्ट’ या मंत्राने चपळ झालेल्या योद्ध्याची तलवारही लागते, कारण मंत्र योद्ध्यावर आहे.

उलट बाजूने, साध्या शस्त्रांपासूनच्या इम्युनिटीतही हाच पेच. २०१४ च्या वेअरवुल्फला (लांडग्याचे रूप घेणाऱ्या माणसाला) जादूई नसलेल्या आणि चांदीच्या शस्त्राने न केलेल्या हल्ल्यांपासून अभय होते. कड्यावरून पडणे हा हल्ला नव्हे. तेव्हा पडल्यावर तो जखमी होतो. ड्रॅगनच्या अग्निश्वासाबद्दल प्रकाशकांच्या ‘सेज अॅडव्हाइस’ या नियमविषयक प्रश्नोत्तरांनी स्पष्ट केले की तो जगाच्या अंगभूत जादूचा भाग आहे, मंत्रासारखी जादू नाही, म्हणून ‘अँटिमॅजिक फील्ड’ हा जादू बंद पाडणारा मंत्र त्याला थोपवत नाही. तर्क थोडा ओढूनताणून आणलेला आहे, पण टेबलावर वापरायला सोपा.

२०२५ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या जीवांच्या नियमपुस्तकात वेअरवुल्फचे हे अभय गेले. राक्षसाच्या नियमातून ‘परिणाम’ हा मोघम शब्दही गेला: जादूविरुद्धचे सेव्हिंग थ्रो तो आपोआप जिंकतो आणि मंत्राचे हल्ले त्याला चुकतात. भिंतीला ना सेव्हिंग थ्रो, ना हल्ला. त्यामुळे ती आता त्याला अडवते.