माघारीत शेवटी, चढाईत पुढे : मेजर राणे यांच्या परमवीरचक्रामागची कथा

मुंबईत ‘राणे’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला : गाव कुठलं, मालवण की कणकवली? रामा राघोबा राणे त्याच्याही खालचे, कारवारकडचे. २६ जून १९१८ रोजी ते जन्मले तेव्हा कारवार मुंबई इलाख्यातच होतं. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत ते म्हैसूरकडे गेलं. वडील पोलीस शिपाई. राणे १९४०च्या जुलैत ज्या दलात भरती झाले, त्याच्या नावातही मुंबई होती : बॉम्बे सॅपर्स. या दलाचं घर मात्र पुण्याला, खडकीत.

सॅपर म्हणजे लष्करातला इंजिनिअर. पूल बांधायचे, पूल उडवायचे, रस्ता काढायचा, सुरुंग पेरायचे आणि उपसायचे. शौर्यकथांमध्ये त्याच्या वाट्याला फारशी जागा येत नाही. पण सैन्य मागे हटतं तेव्हा सगळ्यांत शेवटी हाच निघतो आणि पुढे सरकतं तेव्हा सगळ्यांच्या आधी हाच जातो. राणे यांनी या दोन्ही जागा पाहिल्या, दोन वेगवेगळ्या युद्धांत.

पहिली ब्रह्मदेशात. अराकानच्या आघाडीवर जपान्यांपुढे माघार चालली होती. बुथिडाँगला शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून महत्त्वाची साधनं नष्ट करायला राणे यांच्या तुकडीला मागे ठेवलं गेलं. काम उरकलं की नौदलाने त्यांना उचलायचं असं ठरलं होतं. ते झालंच नाही. जपानी गस्त घालत असलेली नदी ओलांडून हे लोक स्वतःच आपल्या डिव्हिजनला येऊन मिळाले. राणे हवालदार झाले.

दुसरी काश्मीरमध्ये, पाकिस्तानशी झालेल्या पहिल्या युद्धात. १५ डिसेंबर १९४७ रोजी राणे अधिकारी झाले आणि चार महिन्यांच्या आतच नौशेरा–राजौरी रस्त्यावर होते. मार्च १९४८मध्ये झांगर परत मिळालं होतं, आता राजौरी घ्यायची होती. ८ एप्रिलला ४ डोग्रा पलटणीने बरवालीची धार जिंकली, पण रणगाडे अडले : पुढे सुरुंग आणि रस्त्यात अडथळे. ३७ असॉल्ट फील्ड कंपनीची राणे यांची तुकडी कामाला लागली तोच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोघे ठार, पाच जखमी. जखमींत खुद्द राणे. तरी काम थांबलं नाही.

पुढचे तीन दिवस तोच प्रकार. पाइनची मोठी झाडं आडवी पाडलेली, खाली सुरुंग पेरलेले, वरच्या टेकड्यांवरून गोळीबार. सुरुंग काढा, झाड उडवा, पुढे सरका. थोड्या अंतरावर पुन्हा तेच. कुठे मोरी उडवलेली, तर बाजूने रणगाड्यांसाठी नवी वाट काढा. आडोसा मिळेना तेव्हा राणे चालत्या रणगाड्याखाली शिरून त्याच्याबरोबर सरपटत पुढे गेले. थांब की चल, ही खूण चालकाला दोरीने ओढून. ११ एप्रिलला रस्ता चिंगसपर्यंत मोकळा झाला. (हीच ती मोगली सराई, जहांगिराचं आतडं तिथे पुरलंय अशी आख्यायिका आहे.) १२ तारखेला राजौरी हाती आली.

परमवीरचक्र तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. ते २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झालं आणि १५ ऑगस्ट १९४७पासून लागू धरलं गेलं. रचना सावित्रीबाई खानोलकरांची. जन्माने त्या युरोपीय, एका मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झालेल्या. पदकावरचं वज्र दधीचींच्या अस्थींचं. १९४७–४८च्या लढाईसाठी पाच परमवीरचक्रं दिली गेली, त्यांतली तीन मरणोत्तर. हयात दोघेच : करम सिंग आणि राणे.

१९६८मध्ये राणे मेजर म्हणून निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात वारले. त्याआधी १९८४मध्ये, मुंबईत मुख्यालय असलेल्या शिपिंग कॉर्पोरेशनच्या ताफ्यात त्यांच्या नावाचं तेलवाहू जहाज दाखल झालं होतं. परमवीरांच्या नावांनी घेतलेल्या पंधरा जहाजांपैकी ते एक. म्हणजे आपल्या नावाचं जहाज समुद्रावर असताना राणे चांगले दहा वर्षं हयात होते. त्या जहाजावर मात्र ते मेजर नव्हते, ‘लेफ्टनंट’च होते, एप्रिल १९४८मधल्या त्या चार दिवसांतले.