आयपी पत्त्यावर राहतं कोण?

घरात बसून करता येईल असा एक छोटा प्रयोग आहे. वायफायवर असताना स्वतःचा आयपी अ‍ॅड्रेस दाखवणारी एखादी साइट उघडायची आणि ती आपलं गाव कोणतं सांगते ते बघायचं. मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तेच करायचं. मी डोंबिवलीत राहतो. वायफायवर ‘मुंबई’ आलं, मोबाइलवर ‘पुणे’. खुर्चीवरून मी उठलोही नव्हतो.

साइट खोटं बोलत नव्हती, अंदाज करत होती. आयपी अ‍ॅड्रेसला आपण पत्ता म्हणतो खरं, पण पिनकोडसारखा तो जागेला बांधलेला नसतो. तो इंटरनेटच्या जोडणीला दिलेला आकडा असतो. आशिया-पॅसिफिक भागासाठी हे आकडे एपनिक नावाची ऑस्ट्रेलियातली संस्था वाटते, भारतात ते काम निक्सी या संस्थेची आयआरआयएनएन ही शाखा बघते. इंटरनेट कंपन्यांना आकड्यांचे गठ्ठे मिळतात, आणि नोंद होते ती कंपनीच्या नावाची, तिच्या कार्यालयाच्या पत्त्याची. त्या गठ्ठ्यातला कुठला आकडा डोंबिवलीला गेला आणि कुठला विरारला, हे त्या जाहीर नोंदीत नसतं.

मोबाइलचं तर आणखी वेगळं. फोनचा डेटा टॉवरवरून कंपनीच्या एखाद्या मोठ्या केंद्रापर्यंत आतल्या आत जातो आणि बाहेरच्या जगाला दिसणारा आकडा त्याला तिथे मिळतो. म्हणून पणजीतला फोन पुण्याचा वाटू शकतो, चिपळूणचा फोन मुंबईचा.

मग अंदाज कशावरून बांधतात? नोंदणीवरून, अ‍ॅपमधून गोळा झालेल्या लोकेशनवरून, आणि मला सगळ्यात आवडणारी रीत म्हणजे त्या आकड्यामागच्या यंत्राला हाक दिल्यावर उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरून. इंटरनेटच्या केबलमधल्या काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर ३,९०० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे जाऊन यायला किमान ३९ मिलिसेकंद (सेकंदाचे हजारावे भाग) हवेतच. एखादं यंत्र ५ मिलिसेकंदांत उत्तर देत असेल तर ते ५०० किलोमीटरच्या आतच असणार, मग त्याच्या नावापुढे जगातलं कोणतंही शहर लिहिलेलं असो. नोंदीतला पत्ता हवा तो लिहिता येतो, प्रकाशाला मात्र घाई करायला लावता येत नाही.

हे मोजमाप आपल्याकडे २०२२ नंतर खरोखर उपयोगी पडू लागलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये सर्ट-इन या सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना, म्हणजे आपलं इंटरनेट स्वतःच्या यंत्रातून फिरवून आपला खरा आयपी झाकणाऱ्या कंपन्यांना, ग्राहकांची नावं, फोन नंबर आणि त्यांना दिलेले आयपी अ‍ॅड्रेस निदान ५ वर्षं जपून ठेवायला सांगितलं. काही परदेशी कंपन्यांनी भारतातली यंत्रंच काढून घेतली. ‘भारत’ हा पर्याय अ‍ॅपमध्ये तसाच राहिला, आकडाही भारतीय दिसतो, पण यंत्र सिंगापूरला किंवा आणखी लांब. मुंबईत बसून तपासलं की मिलिसेकंद ते उघडं पाडतात.

अंदाजाला खात्री समजलं की काय होतं, याचं एक उदाहरण अमेरिकेत घडलं. मॅक्समाइंड नावाची कंपनी आयपीवरून ठिकाण सांगणारी यादी विकते. ज्या आकड्यांबद्दल ‘अमेरिकेत कुठेतरी’ एवढंच कळत होतं, त्यांच्यासाठी तिने देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू ठरवला. तो कॅन्सस राज्यातल्या एका शेतघरावर पडत होता. ६० कोटींहून जास्त आकडे त्या एका घराकडे बोट दाखवत होते. चोरीला गेलेला फोन, फसवणूक, बेपत्ता माणूस, कशाचाही शोध घेत लोक आणि पोलीस तिथे पोचायचे. २०१६ मध्ये एका पत्रकार स्त्रीने ही गोष्ट उजेडात आणली, तेव्हा कंपनीने तो बिंदू उचलून एका तळ्यात नेऊन ठेवला. तिथे राहणाऱ्यांनी तोवर कित्येक वर्षं हे सोसलं होतं.

आपल्या शहरांत घोळ निराळाच आहे. जुन्या पद्धतीचे आयपी आकडे एकूण सुमारे ४२९ कोटी, आणि त्यांचे शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाले. नवी, जवळजवळ अक्षय पद्धत आली आहे, पण जुनी अजून सुटलेली नाही. म्हणून केबलवाला असो की मोठी कंपनी, एकच आकडा अनेक ग्राहकांत वाटतात. प्रत्येक आकड्याला ६५,५३६ पोर्ट असतात, म्हणजे एकाच दाराला तेवढे कप्पे. एका घराला हजार कप्पे दिले तर एका आकड्यावर साठ-पासष्ट घरं राहतात. आख्खी सोसायटीच म्हणा ना. फक्त आयपी अ‍ॅड्रेस सांगून त्यातलं घर सापडत नाही.

आपलं ठिकाण खरंच उघडं पडतं ते दुसरीकडून. फोन आजूबाजूच्या वायफायची नावं आणि ओळखक्रमांक वाचत असतो, कोणता क्रमांक कुठल्या इमारतीत आहे याच्या याद्या मोठ्या कंपन्यांकडे आहेत, आणि त्यातून तुमची विंगसुद्धा ओळखता येते. टॉर्चच्या अ‍ॅपने लोकेशन मागितलं की आपण विचार न करता ‘अलाउ’ दाबतो. मला आयपीपेक्षा याची काळजी जास्त वाटते. अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींत अचूक लोकेशन बंद करून ढोबळ लोकेशन देण्याची सोय आहे. हवामान सांगणाऱ्या अ‍ॅपला तेवढं पुरतं.

तरी आयपीवरून माणूस शोधता येतो. कंपनीच्या वहीत अमुक क्षणी अमुक आकडा कोणत्या ग्राहकाकडे होता हे लिहिलेलं असतं, आणि सगळा भार त्या ‘अमुक क्षणी’वर असतो. ऑर्कुट या फेसबुकसारख्या जुन्या साइटवर शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह मजकूर आला होता. पुणे पोलिसांनी आयपी अ‍ॅड्रेसवरून माग काढला, इंटरनेट कंपनीने ग्राहकाचं नाव दिलं आणि २००७ मध्ये बंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक झाली. नाव चुकीच्या ग्राहकाचं होतं. निरपराध असून तो ५० दिवस तुरुंगात राहिला.

म्हणून सायबर पोलिसांकडे किंवा १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार करताना स्क्रीनशॉटसोबत तारीख आणि वेळ सेकंदापर्यंत लिहा, सकाळ की रात्र ते लिहा. ती भारतीय वेळ आहे की यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, तेही लिहा. दोन्हींत साडेपाच तासांचं अंतर आहे, आणि तेवढ्यात तो आकडा दुसऱ्याच कोणाच्या घरी गेलेला असू शकतो.