जर्मन शेफर्डला मशीन मारायला आणताय? आधी एवढं वाचा

होळी झाली की आमच्या दुकानात रोज एकच वाक्य ऐकू येतं: "लई गरम होऊलालंय त्याला, सगळे केस काढून टाका." आम्ही नाही म्हणतो, तुम्ही म्हणता पैसे देतोय ना, आणि तोवर मागे तीन कुत्री धापा टाकत नंबराला बसलेली असतात. तेच तेच समजावण्यात अर्धी सकाळ जाते, म्हणून हा कागद छापला. घरी न्या, आणि घरातल्या ज्याचा हात दाढीच्या ट्रिमरकडे वळतोय त्याला आधी वाचून दाखवा.

आम्ही जर्मन शेफर्डला पूर्ण मशीन मारत नाही. ऑपरेशनची जागा, जखमेच्या भोवती, किंवा कातडीच्या आजारासाठी डॉक्टरांनी चिठ्ठी दिली असेल तर तेवढे केस काढतो. पंजाच्या गाद्यांमधले आणि लांब केसांच्या कुत्र्याचे शेपटीखालचे केस कात्रीने नीट करतो. पाठ, मान, पोट यांना मशीन लावायचं असेल तर दुसरीकडे जावं लागेल. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, हे आम्ही पूर्ण विचार करून ठरवलंय.

याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे राठ आणि लांब, खालची लोकर मऊ, फिकी, दाट. थंडीत ती ऊब धरते हे सगळ्यांना पटतं. पण उन्हाळ्याच्या तोंडावर ही लोकर गळून विरळ झाली की वरच्या केसांच्या आतून हवा खेळते आणि ऊन कातडीपर्यंत पोचत नाही, हे सांगितलं की लोक आमच्याकडे संशयाने बघतात. मे महिन्यात रानात काम करणारा माणूस डोक्याला पटका बांधतो, पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो. उघड्या अंगाने कोण वखर हाकतं? शिवाय कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांना थोडाफार, बाकी सगळी भिस्त धापेवर. केस काढले म्हणजे वारा लागून घाम वाळेल, हा हिशेब माणसाचा आहे.

कुत्र्याला गरम होतंय हे मात्र खरं असतं. त्याचं कारण बहुतेक वेळा न विंचरलेली लोकर. सुटलेले केस बाहेर न पडता वरच्या केसांत अडकतात आणि घोंगडीसारखे घट्ट बसतात. घरीच बघा: मांडीच्या मागच्या बाजूला केस उलटे करून फुंकर मारा. कातडी दिसली तर काळजी नाही. करड्या कापसासारखा थर दिसला तर त्याला आमच्याकडे आणायची वेळ झाली.

परवा असाच एक ३६ किलोचा नर आला. मालकांच्या खिशात ट्रिमर होता, म्हणजे आम्ही नाही म्हटलं तर घरी जाऊन कार्यक्रम उरकायचा, अशी तयारी. आधी कोरड्या अंगावर रेकने, म्हणजे लांब दातांच्या फणीने, लोकर ओढली, मग अंघोळ, मग मोठ्या ब्लोअरने केसांच्या मुळापर्यंत वाळवणं, आणि शेवटी पुन्हा रेक. पावणेदोन तास लागले. निघालेली लोकर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात दाबून भरली तर पोतं अर्धं भरलं. वरचा एकही केस कापला नव्हता, तरी कुत्रा कमरेत बारीक दिसायला लागला. मालकांनी पोत्याचा फोटो काढून नेला.

मशीन मारायचं नाही, हे आम्ही शिकलो ते चूक करूनच. दुकानाच्या पहिल्या उन्हाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या आग्रहाला बळी पडून एक चांगला काळा-तांबडा नर आम्ही झीरो मशीनने साफ केला. आठवड्यात पाठीची कातडी उन्हाने लाल झाली. पुढे खालची लोकर आधी उगवली, राठ केस मागे राहिले, आणि दिवाळी आली तरी कमरेवर जुन्या गादीतल्या कापसासारखे पुंजकेच. नीट अंगावर यायला वर्ष उलटून गेलं. तोवर दर महिन्याला फुकट विंचरून दिलं, ते वेगळंच. काही कुत्र्यांचे केस पूर्वीसारखे पुन्हा येतच नाहीत.

"निदान घरात केस तरी गळणार नाहीत" असं म्हणणाऱ्यांसाठी: गळतात. फरक एवढाच की लांब केस झाडूने निघतो आणि अर्ध्या इंचाचा खुंट सोफ्यात टोचून बसतो. ही जात बारा महिने केस टाकते, आणि वर्षातून दोनदा, आपल्याकडे साधारण होळीच्या आणि दिवाळीच्या आसपास, ढिगाने टाकते. एरवी आठवड्यातून दोन-तीनदा आणि गळतीच्या दिवसांत रोज दहा मिनिटं विंचरलं तर घर बरंच स्वच्छ राहतं. रेक आमच्याकडे मिळतो. दुसरीकडून घेतलात तरी कसा धरायचा ते दाखवून देऊ, दाबून ओढलात तर कातडी सोलते.

अंघोळीचं फार मनावर घेऊ नका. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, तेव्हा आम्ही अंघोळीचं काम बंदच ठेवलं होतं. नुसतं विंचरून आणि ब्लोअर मारून कुत्री छान राहिली. घरी अंघोळ घातलीच तर मुळापर्यंत वाळवा. पावसाळ्यात आतली लोकर ओली राहिली की वास येतो आणि खाजवून खाजवून ओलसर जखम होते.

आता उन्हाळ्याचं. फिरवणं उजाडायच्या आधी आणि दिवस मावळल्यावर, डांबर निवलं की मगच. हाताची उलटी बाजू रस्त्यावर ठेवा, पाच आकडे मोजेपर्यंत सहन झाली नाही तर परत फिरा. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गच्चीवर बांधू नका, तिथे केस असोत नसोत, भट्टीच असते. जीभ गडद लाल, लाळ चिकट, चाल डगमगती दिसली तर पोट, जांघा आणि पंजे गार पाण्याने भिजवा, पंखा लावा आणि तसंच डॉक्टरांकडे निघा. आधी डॉक्टर शोधायचे आणि मग पाणी, असं करू नका.

भुंकण्याबद्दलही बरेच जण विचारतात. ही जात मुळात मेंढ्यांची. माक्स फॉन श्टेफानिट्झ या जर्मन घोडदळाच्या माजी अधिकाऱ्याने १८९९ साली एक कुत्रा विकत घेतला, त्याचं नाव होरांड ठेवलं आणि त्याच्यापासून या जातीची नोंद सुरू केली. उभ्या पिकाच्या कडेने दिवसभर चकरा मारायच्या, मेंढीला बांध ओलांडू द्यायचा नाही, हे तिचं काम. आपले धनगर मेंढ्यांच्या खांडव्यासोबत नेतात तो कुत्रा लांडग्यावर डोळा ठेवतो. याचा डोळा मेंढीवरच असतो. असा कुत्रा दिवसभर साखळीला ठेवला तर तो कंपाउंडवरून जाणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलला मेंढी समजणारच. पळणाऱ्या लेकरांच्या टाचा पकडतो तेही त्यातलंच. पिल्लू असतानाच थांबवा, हसून सोडून देऊ नका. रोज तासभर चालणं आणि थोडं डोक्याचं काम, वस्तू शोधायला लावणं वगैरे, एवढ्याने निम्मं भुंकणं कमी होतं.

गोचिडांकडे लक्ष द्या, कारण गोचीडताप या जातीला जास्त जड जातो. ताप, जेवण सोडणं, नाकातून रक्त, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. गाई-म्हशींचं गोचिडाचं औषध अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्यावर ओतू नका, विषबाधा होते. कुत्र्याचं औषध वजनावर ठरतं. आमच्याकडे काटा आहे, वजन फुकट करून देतो. गोचिडी भिंतीच्या फटीतही असतात, तेव्हा कुत्र्यासोबत त्याची जागाही साफ करा.

येताना कुत्र्याला घरून अंघोळ घालून आणू नका. सुटलेली लोकर भिजली की तिच्या गाठी बसतात आणि दीड तासाचं काम तीन तासांवर जातं. जास्तीच्या वेळाचे पैसे लावतो. पोटभर जेवण देऊनही आणू नका. मार्च ते जून दुकान सकाळी साडेसहाला उघडतं, जर्मन शेफर्ड आम्ही अकराच्या आतच घेतो, आणि दिवसाला चारच. आदल्या दिवशी फोन करून नंबर लावा. ट्रिमर घरीच राहू द्या.