रिले घेताय? आधी सांगा, त्यातून जाणार काय

‘पाच व्होल्टचा रिले द्या’ एवढं सांगून बरेच जण मोकळे होतात. रिले म्हणजे विजेनं चालणारा स्विच: कॉइलला वीज दिली की आतले कॉन्टॅक्ट जुळतात. पाच व्होल्ट ही कॉइलची गोष्ट झाली. कॉन्टॅक्टमधून काय जाणार, मोटरचा करंट की सेन्सरचा सिग्नल, त्यावर माल ठरतो.

रिलेवर छापलेले १० अँपिअर हीटरसारख्या साध्या लोडचे असतात. टॉवेलच्या मागाची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते. कॉन्टॅक्ट चिकटले की बटण दाबूनही माग थांबत नाही. मोटर कॉन्टॅक्टरवरच, म्हणजे मोटरसाठीच्या दणकट रिलेवरच ठेवा. रिलेनं फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी.

रंगखात्यातल्या सेन्सरचं नेमकं उलटं. पीटी-१०० या तापमानाच्या सेन्सरचा रोध अंशामागे जेमतेम ०.३८५ ओहम बदलतो. मोठ्या रिलेच्या चांदीच्या कॉन्टॅक्टवर काळा थर चढून एका ओहमची भर पडली, तरी दोन तारांच्या जोडणीत मीटर अडीच अंश जास्त दाखवतो. मोटरच्या करंटची ठिणगी तो थर जाळून टाकते, सिग्नलमध्ये तेवढा दम नसतो. म्हणजे ‘जरा जास्त अँपिअरचा द्या’ हा हिशेब इथे अंगलट येतो. सोन्याचा मुलामा असलेला सिग्नल रिले घ्या, नाहीतर रीड रिले. रीडचे कॉन्टॅक्ट काचेच्या नळीत बंद असतात, सुताचा तूस आत शिरत नाही.

एकाच इनपुटवर आठ सिग्नल आळीपाळीनं घ्यायचे असतील तर ४०५१ ही आयसी स्वस्तात काम करते. तीन सिलेक्ट पिना, आठ वाटा, झीज नाही. मात्र वाट चालू असतानाही तिचा स्वतःचा रोध शंभरेक ओहम असतो, ५ व्होल्ट सप्लायवर तर आणखी बराच जास्त. त्यामुळे पीटी-१०० थेट जोडू नका. शिवाय ५ व्होल्टवरच्या आयसीला १२ व्होल्टचा सिग्नल दिला तर ती जाते. अशी आयसी आम्ही बदलून देत नाही, राग मानू नये.

सॉलिड स्टेट रिलेत हलणारे कॉन्टॅक्ट नसतात, तो आवाज करत नाही, पण १० अँपिअरला १० ते १५ वॉट उष्णता सोडतो. आपल्याकडच्या मे महिन्यात हीटसिंकशिवाय, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याशिवाय, लावूच नका. आणि तो बंद असतानाही थोडा करंट झिरपतो. तारेला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा.

डीसी कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावा, पट्टीची बाजू प्लसकडे. नाहीतर कॉइल सुटताना ती चालवणारा ट्रान्झिस्टर उडतो.

येताना जुना रिले सोबत आणा. अक्षरं पुसली असली तरी चालेल. नेहमीच्या छोट्या चौकोनी रिलेची कॉइल साधारण ७० ओहम भरली तर ५ व्होल्टची, ४०० भरली तर १२ ची. मीटर काउंटरवरच असतो.