विषाणूच्या पोटातलं सेंटरिंग

'प्रथिनांचे रेणू आपोआप जुळतात आणि विषाणू तयार होतो' हे वाक्य विषाणूंवरच्या लेखात हमखास सापडतं. माझं भांडण त्यातल्या 'आपोआप'शी आहे. १९५५ साली फ्रेंकेल-कॉन्राट आणि विल्यम्स यांनी तंबाखूच्या मोझॅक विषाणूचं प्रथिन आणि आरएनए वेगळे करून पुन्हा एकत्र मिसळले, तेव्हा संसर्ग करणारा विषाणू परत उभा राहिला, हे खरं. पण तो पडला सरळ दांडा. पोकळ, गोलसर कवच उभं करणं वेगळं.

साल्मोनेला जिवाणूत वाढणारा पी२२ हा विषाणू घ्या. त्याच्या कवचात एकाच प्रथिनाचे ४१५ रेणू असतात, काही पाचाच्या तर काही सहाच्या कडबोळ्यात. पाचाची कडबोळी नेमक्या जागी पडली तरच कवच योग्य मापात वळतं. एका टोकाला मात्र कडबोळ्याऐवजी डीएनए आत घेणारं १२ रेणूंचं दार बसतं. कवचाचं प्रथिन एकटं सोडलं, तर वेडीवाकडी वेटोळी किंवा बुटकी कवचं होतात.

इथे दुसरं प्रथिन मदतीला येतं. त्याला परांची प्रथिन म्हणू या. पण परांची बाहेरून बांधतात. हे आत बसतं, म्हणजे खरं तर स्लॅबखालचं सेंटरिंगच. त्याच्या शेपटाकडच्या धन भाराच्या वळशाने ते कवचाच्या ऋण भाराच्या भागाला धरतं. पकड सैल असते, आणि सगळी गंमत त्यातच आहे. घट्ट असती तर ते आतच अडकलं असतं आणि डीएनएला जागा उरली नसती. डीएनए भरू लागण्याच्या सुमारास हे रेणू कवचातल्या भोकांतून अखंड बाहेर पडतात आणि कवच फुगतं. सुटलेले रेणू पुढच्या कवचाला लागतात. किंग आणि कॅस्येन्स यांनी १९७४ साली दाखवलं, की एक रेणू सरासरी पाचेक वेळा वापरला जातो. शिवाय मोकळे रेणू साठले, की त्याच प्रथिनाचं नवं उत्पादन मंदावतं.

हे वाचून 'विषाणू हुशार असतो' असा मेसेज कृपया पुढे ढकलू नका. हा भारांचा आणि आकारांचा खेळ आहे.

नागीण-कुळातले विषाणू सेंटरिंग असं जपत नाहीत, स्वतःच्याच विकराने कापून काढतात. आणि फाय-एक्स-१७४ या जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूमध्ये आतला आणि बाहेरचा असे दोन्ही प्रकार आहेत: आत 'बी' प्रथिन आणि बाहेरून 'डी'चे २४० रेणू. तिथे परांची हे नाव अक्षरशः खरं ठरतं.