कॉप्टिक बोलायला शिकायचीय? मग आधी 'एफनूती' आणि 'एबनूदी' मधला फरक बघून घ्या

कॉप्टिक शिकायला बसलं की पहिल्या आठवड्यातच डोकं फिरतं, कारण एका व्हिडिओत देवाला 'एफनूती' म्हणतात आणि दुसऱ्यात 'एबनूदी', आणि खाली कमेंटमध्ये दोन पार्ट्या एकमेकांना खोटं ठरवत असतात. नवखा माणूस समजतो की या दोन भाषा असाव्यात, निदान दोन बोली तरी. तसं काहीच नाहीये. पुस्तक एकच, शब्द एकच, स्पेलिंगसुद्धा अक्षरशः तेच, फक्त वाचायची पद्धत वेगळी. एकीला ग्रीको-बोहैरिक म्हणतात, दुसरीला जुनी बोहैरिक. नावात 'जुनी' आहे म्हणून तीच अस्सल असा दुसरा गैरसमज लगेच होतो, त्याच्याकडे येतोच.

आधी थोडी पार्श्वभूमी, पटकन. कॉप्टिक म्हंजे फॅरोंच्या काळच्या इजिप्शियन भाषेचा शेवटचा टप्पा, ग्रीक लिपीत लिहिलेला, आणि जे आवाज ग्रीकमध्ये नव्हते त्यांच्यासाठी जुन्या डेमोटिक लिपीतून घेतलेली सहा-सात अक्षरं. सातव्या शतकात अरब आले, ७०६ च्या सुमारास सरकारी कारभार अरबीत गेला, बाराव्या शतकात पोप गॅब्रिएल दुसरे (हे रोमचे पोप नव्हेत, कॉप्ट म्हंजे इजिप्तचे ख्रिश्चन, त्यांच्या चर्चच्या प्रमुखालाही पोपच म्हणतात) यांच्या काळात चर्चमध्येही अरबीला रीतसर जागा मिळाली, आणि १६७० च्या दशकात वान्सलेब नावाचा प्रवासी अस्यूतला जाऊन लिहितो की ही भाषा ज्याच्याबरोबर संपणार तो म्हातारा मी पाहिला. चर्चमध्ये मात्र कॉप्टिक कधीच बंद पडली नाही, प्रार्थना चालूच होत्या. लोक अर्थ न कळताही म्हणत राहिले.

आता बोली हा वेगळा विषय आहे, तो इथे मिसळू नका. साहिदिक ही वरच्या, म्हंजे दक्षिणेकडच्या, इजिप्तची बोली, नाग हम्मादी या गावाजवळ सापडलेली जुनी हस्तलिखितं बहुतेक हिच्यात, आणि युनिव्हर्सिटीत सहसा हीच शिकवतात. बोहैरिक ही नाईलच्या मुखाकडची, वादी नत्रून या वाळवंटी खोऱ्यातल्या मठांची, आणि पुढे अख्ख्या चर्चची झाली. या दोघींत व्याकरण, शब्द, स्पेलिंग सगळ्यात फरक आहे, म्हणून युनिव्हर्सिटीत साहिदिक शिकून चर्चमध्ये गेलेला विद्यार्थी भांबावतो ते बरोबरच आहे. पण आपला वाद बोहैरिकच्या घरातला आहे.

एक ओळ घेऊ. क्रूसाची खूण करताना जे म्हणतात, 'पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने', ते ग्रीको-बोहैरिकमध्ये साधारण असं येतं: खेन एफ्रान एम एफ्योत नेम एपशीरी नेम पि एपनेव्मा एथओवाब. आणि जुन्या बोहैरिकमध्ये: खान एब्रान एम एब्योत नाम एबशारी नाम बी एबनेवमा एतवाब. (हा 'ख' घसा खरवडून काढायचा, उर्दू 'खबर' मधला.) शांतपणे बघितलं तर नियम लगेच दिसतो: जिथे पहिलीत 'फ' किंवा 'प' तिथे दुसरीत 'ब', जिथे पहिलीत 'थ' तिथे 'त', आणि ईटा या अक्षराचा पहिलीत 'ई' तर दुसरीत 'आ', म्हणून एकाचा शीरी तो दुसऱ्याचा शारी. अजून थोडे आहेत, जसं 'पाप' या शब्दाला एक नोवी म्हणतो एक नोवि पण ओठ गोल करून, इंग्लिश डब्ल्यूसारखा, आणि 'प्रभू' ला एक एपचोईस तर दुसरा एबशोईस. दहाएक अदलाबदली पाठ केल्या की एकातून दुसऱ्यात उडी मारता येते, इतकं सोपं आहे ते.

मग ही दोन वळणं आली कुठून? १८५४ मध्ये पोप सिरिल चौथे गादीवर आले. माणूस धडाकेबाज, शाळा काढल्या, छापखाना मागवला, आणि आपल्या लोकांना कॉप्टिक नीट यायला हवी असं त्यांनी मनावर घेतलं. त्यांच्या काळात कॉप्टिक शिकवणारे एरियन मोफ्ताह यांना प्रश्न पडला की या अक्षरांचा खरा उच्चार काय, कारण गावागावात वेगळं ऐकू यायचं. त्यांनी तर्क असा लावला की अक्षरं ग्रीकांची आहेत तर ग्रीकांना विचारू, म्हणून १८५८ च्या आसपास त्या काळच्या ग्रीक लोकांचा उच्चार उचलला. ग्रीक चर्चशी जवळीक वाढवायची इच्छाही त्यामागे होती असं सांगतात. तर्क वरवर बिनतोड, पण त्यात एक मोठं भोक आहे: कॉप्टांनी ती अक्षरं घेतली त्याला तेव्हाच दीड हजार वर्षांच्या वर होऊन गेली होती, आणि मधल्या काळात खुद्द ग्रीकचा उच्चार बदलला होता. म्हंजे एकोणिसाव्या शतकातला अथेन्सचा उच्चार तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या इजिप्शियन शब्दांना चिकटवला गेला. पण शाळांमधून, पुस्तकांतून तो पसरला आणि आज जगभरच्या कॉप्टिक चर्चमध्ये तोच चालतो.

मग त्याआधी कसं बोलायचे ते कसं कळलं? याचा पुरावा बराच आहे आणि मला तो भागच जास्त आवडतो. एक म्हंजे अरबी लिपीत लिहिलेल्या कॉप्टिक प्रार्थना, ज्या पुजाऱ्यांना कॉप्टिक अक्षरं येत नव्हती त्यांच्यासाठी केलेल्या. उलटंही आहे, कॉप्टिक अक्षरांत लिहिलेला अरबी मजकूर, त्यावरून कुठलं अक्षर कुठल्या आवाजासाठी वापरत होते ते थेट सापडतं. मग युरोपियन लोकांनी कानाने ऐकून उतरवलेल्या नोंदी. १९३० च्या दशकात वॉरेल आणि व्हिसिखल या दोघा अभ्यासकांनी लक्सरजवळच्या झेनिया गावातल्या लोकांकडून परंपरेने चालत आलेला उच्चार टिपला. हे सगळं गोळा करून एमिल माहेर इसहाक यांनी १९७५ मध्ये ऑक्सफर्डला प्रबंध केला आणि 'जुनी बोहैरिक' वाल्यांना भक्कम पाया मिळाला.

आणि एक पुरावा तर शेतात उभा आहे. इजिप्तचा शेतकरी, मुसलमान असो की ख्रिश्चन, पेरणी-कापणीचा हिशेब अजून कॉप्टिक महिन्यांवर ठेवतो. तूबा महिन्याच्या थंडीवर म्हणच आहे की तूबा तरुणीची म्हातारी करून टाकतो. यातला एप्रिल-मे चा महिना कॉप्टिकमध्ये फी आणि थीटा ही अक्षरं घालून लिहितात, ग्रीको-बोहैरिक नियमाने वाचलात तर फार्मूथी व्हायला हवा. शेतकरी म्हणतो बरामूदा. शाळेत न जाता शेकडो वर्षं तोंडातोंडी आलेला शब्द आहे हा, त्याला एरियन मोफ्ताह कोण हे माहीतही नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की झालं, जुनी जिंकली. थांबा. अरबीत 'प' नाहीये. अरबी मातृभाषा झालेला माणूस 'प' चा 'ब' करणारच, त्यामुळे जुन्या बोहैरिकमधला तो सगळीकडे दिसणारा 'ब' निदान काही अंशी अरबी जिभेचा आहे. म्हंजे एका उच्चाराला ग्रीक वळण, दुसऱ्याला अरबी वळण. आपल्याकडे 'ज्ञान' चं मराठी माणूस 'द्न्यान' करतो आणि हिंदीवाला 'ग्यान', आणि दोघंही एकमेकांना हसतात, मूळ उच्चार दोघांच्याही तोंडात नाही, तसंच काहीसं.

मूळ काय होतं याचा अंदाज भाषाशास्त्रवाले लावतात आणि गंमत म्हंजे तो आपल्याला इजिप्शियन माणसापेक्षा लवकर कळतो. अगदी सुरुवातीच्या काळातल्या बोहैरिकमध्ये क-ख, च-छ, त-थ, प-फ अशा सरळ जोड्या होत्या, आपल्या वर्णमालेसारख्या, आणि फी, थीटा, खी ही ग्रीक अक्षरं त्या श्वासवाल्या आवाजांसाठी वापरली होती. 'प्रभू' मधलं ते भांडणाचं अक्षर, ज्याला एक 'च' म्हणतो आणि एक 'श', ते बहुधा चक्क 'छ' होतं. आणि फी म्हंजे दात ओठाला लावून काढलेला फोटोमधला फ नव्हे, आजीच्या तोंडातला 'फळ' मधला दोन्ही ओठ मिटून सोडलेला फ.

याचा बोलण्याशी काय संबंध? आहे ना. वरच्या ओळीत परत बघा. 'रान' म्हंजे नाव, 'योत' म्हंजे बाप, 'शीरी' म्हंजे मुलगा. तिघांच्या आधी एकच प्रत्यय लागलाय, इंग्लिशच्या 'द' सारखा, मूळ 'प'. र आणि य च्या आधी त्याला थोडा श्वास लागून फ होतो, श च्या आधी प च राहतो. जुन्या बोहैरिकमध्ये एब्रान, एब्योत, एबशारी, कानाला तिन्हीकडे तोच प्रत्यय ऐकू येतो. ग्रीको-बोहैरिकमध्ये एफ्रान, एफ्योत, एपशीरी, आणि लहान पोराला वाटतं हे दोन वेगळे प्रत्यय आहेत, मग त्याला वेगळा नियम पाठ करायला लावावा लागतो. वाचून म्हणायचं असेल तर फरक पडत नाही, पण मनातून वाक्य जुळवून बोलायचं असेल तर पडतो. जुनीच्या बाजूने मला हा सगळ्यात दमदार मुद्दा वाटतो, तो 'अस्सल' वगैरे नाही, आणि नेमका हाच कमेंटमध्ये कुणी मांडत नाही.

तरीपण घरात बोलायला सुरुवात करणाऱ्या कुटुंबाने काय करावं असं मला विचारलं तर मी ग्रीको-बोहैरिकच सांगेन. कारण साधं आहे, पोराला कॉप्टिक कानावर पडायची जागा घराबाहेर एकच आहे, ती म्हंजे चर्च, आणि तिथे हाच उच्चार आहे. घरी 'एबशोईस' आणि रविवारी 'एपचोईस' असं झालं की पोर दोन्हीकडे गप्प बसतं. क्लॉडियस लबीब यांचं उदाहरण बघा, १९१८ मध्ये गेले, कॉप्टिकचा शब्दकोश करायला घेतला, मासिक चालवलं, आणि घरात मुलांशी कॉप्टिकच बोलायचा हट्ट धरला. त्यांचा मुलगा पाहोर लबीब पुढे इजिप्तविद्येचा अभ्यासक झाला, कैरोच्या कॉप्टिक म्युझियमचा संचालक झाला. म्हंजे घरात भाषा रुजवता येते, पण एक घर पुरत नाही, शेजारचं घर बोलायला लागतं, आणि शेजारच्याशी आधीच मूठभर लोकांत उच्चारावरून भांडत बसलात तर कोणाशी बोलणार? अधूनमधून बातम्या येतात की अमक्या कुटुंबात कॉप्टिक 'कधीच थांबली नाही'. मला त्या वाचताना जरा सावधच वाटतं, कारण पिढ्यान् पिढ्या टिकलेली भाषा आणि आजोबांनी पुस्तकातून शिकून घरात आणलेली भाषा यात फार फरक आहे, आणि दुसरी काही कमी मोलाची नाही.

अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या कॉप्टांच्या बाबतीत एक वेगळीच अडचण आहे. तिथे चर्चमधल्या स्क्रीनवर कॉप्टिक प्रार्थना बऱ्याचदा इंग्लिश अक्षरांत येतात, सोय म्हणून. पण इंग्लिश अक्षरांत लिहिलं की उच्चार कायमचा ठरूनच जातो, एफ लिहिला म्हंजे फ, विषय संपला. मूळ लिपीत तसं होत नाही, तिथे फी हे अक्षर फी च आहे, तुम्ही ते फ वाचा, ब वाचा नाहीतर आजीच्या फळातला फ वाचा. बोहैरिकची मिळून तीसएक अक्षरं आहेत, त्यातली निम्मीअर्धी शाळेच्या गणितात आणि फिजिक्समध्ये पाहिलेली, पंधरा दिवस रोज थोडा वेळ दिला तर येतात. ती आधी शिका, मग कुठल्या पार्टीचा व्हिडिओ लावायचा ते ठरवा, नंतर मत बदललं तरी पुस्तक बदलावं लागणार नाही.